पेटीतले कागद आणि आपली नीती

मेलेल्या लेखकाच्या खाजगी कागदांवर हक्क कुणाचा, हा प्रश्न आपल्या साहित्यव्यवहारात कुणी फारसा विचारलेला नाही. पत्रे सापडली की छापायची, वह्या सापडल्या की छापायच्या आणि प्रस्तावनेत 'मौलिक ठेवा' असे लिहून मोकळे व्हायचे, ही आपली एक रीत. दुसरी रीतही आहे, पण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पेटी उघडायची, वाचायचे आणि आपल्या माणसाच्या प्रतिमेला बाधेल ते गुपचूप चुलीत घालायचे. दोन्ही रीतींत लिहिणारा कुणाच्या हिशेबात नसतो. दलित लेखकांच्या पहिल्या पिढीतले बहुतेक जण आज हयात नाहीत आणि दुसरी पिढी थकत चालली आहे. त्यांच्या मागे उरलेल्या ट्रंका आणि पिशव्या घरोघर माळ्यावर पडून आहेत. म्हणून हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

जगात या प्रश्नाने अलीकडेच मोठे रूप घेतले. जोन डिडिअन ही नावाजलेली अमेरिकन लेखिका २३ डिसेंबर २०२१ रोजी वारली. तिच्या घरात काही टिपणे सापडली. १९९९ च्या अखेरीपासून ती एका मानसोपचारतज्ज्ञाकडे जात होती आणि तिथे काय बोलणे झाले ते घरी आल्यावर लिहून ठेवत होती. हे लेखन तिने आपल्या नवऱ्याला, जॉनला उद्देशून केले होते. त्यात मुलीचे दारूचे व्यसन होते, आईपणाची भीती होती, जन्मभर झाकून ठेवलेले कितीतरी होते. नवरा २००३ साली गेला, मुलगी २००५ साली गेली. २०२५ च्या एप्रिलमध्ये ही टिपणे 'नोट्स टू जॉन' या नावाने पुस्तकरूपाने बाजारात आली. याच डिडिअनने १९९८ साली हेमिंग्वेचे अपुरे लेखन त्याच्या मृत्यूनंतर छापण्याविरुद्ध लेख लिहिला होता. तिचे मत जगाला ठाऊक होते, तरीही पुस्तक निघाले.

त्याआधी १९९१ साली अ‍ॅन सेक्स्टन या कवयित्रीच्या चरित्रावरून असाच गदारोळ झाला. ती १९७४ साली वारली होती. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर मार्टिन ऑर्न यांनी उपचाराच्या बैठकींच्या ध्वनिफिती चरित्रलेखिका डायान मिडलब्रुक हिच्या हवाली केल्या. कवयित्रीच्या मुलीची संमती होती. पण डॉक्टरांच्या जगात प्रश्न उठला की, रोगी मेला म्हणून डॉक्टरचे तोंड मोकळे होते काय?

हे सारे पांढरपेशा लोकांचे चोचले आहेत, ज्याला पोटाची भ्रांत त्याला कसला मानसोपचार आणि कसली डायरी, असे आपल्यातला कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. एकांत ही वस्तू आपल्या समाजाला फार उशिरा मिळाली, म्हणूनच तिची किंमत आपण ओळखली पाहिजे. महारवाड्यात दार लावून बसण्यासारखे घर नव्हते. मुंबईला आलो तर बी.डी.डी. चाळीत १६० चौरस फुटांच्या एका खोलीत तीन-तीन कुटुंबे पडद्याआड संसार करीत होती. आपल्याविषयी लिहिले जात होते, पण ते दुसऱ्यांच्या हातून. गावच्या दप्तरात, शाळेच्या रजिस्टरात, पोलिसांच्या पंचनाम्यात आपले बापजादे सापडतात ते जात, काम आणि अंगठा एवढ्यापुरते. आपल्या मनातले आपण लिहावे, ते घडी घालून ठेवावे आणि पेटीला कुलूप लावावे, हे ज्यांना पहिल्यांदा जमले ती माणसे फार जुनी नाहीत. त्या कुलपाचा अर्थ काय ते आपल्याखेरीज दुसऱ्या कुणाला अधिक कळणार?

आता आपल्याच इतिहासाकडे पाहू. मरणोत्तर प्रकाशनाचा आपला सर्वांत मोठा अनुभव बाबासाहेबांच्या कागदांचा आहे. ६ डिसेंबर १९५६ नंतर त्यांची हस्तलिखिते दीर्घकाळ सरकारी ताब्यात पेट्यांत बंद राहिली. महाराष्ट्र शासनाने 'लेखन आणि भाषणे' या मालेचा पहिला खंड १९७९ साली काढला. वसंत मून यांनी या कामात आयुष्याची वर्षे घातली. १९८७ साली चौथ्या खंडात 'रिडल्स इन हिंदुइझम' छापून आले आणि रामकृष्णांवरच्या परिशिष्टावरून महाराष्ट्र पेटला. खंडाच्या प्रती जाळल्या गेल्या. १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या रस्त्यावर आपला लोटलेला समुदाय ज्यांनी पाहिला ते तो विसरणार नाहीत. शेवटी परिशिष्ट राहिले आणि त्यातील मतांशी शासन सहमत नाही अशी टीप खाली लागली.

त्या वेळी विरोधकांतले काही म्हणत होते की, बाबासाहेबांनी हयातीत छापले नाही ते तुम्ही का छापता? वरवर हा प्रश्न नीतीचा दिसतो, पण त्याच्या मुळाशी नीती नव्हती. 'रिडल्स' हे जगासाठी रचलेले लेखन होते. प्रकरणे पाडलेली, मुद्दे बांधलेले, वाचकाशी वाद घालणारे असे ते पुस्तक लेखकाला वेळ न मिळाल्याने मागे राहिले. अशा पुस्तकाचे प्रकाशन म्हणजे लेखकाचे अर्धे राहिलेले काम पुरे करणे होय. इथे खाजगीपणाचा प्रश्नच येत नाही.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या हस्तलिखिताचे तसे नाही. ते त्यांच्या जखमांचे लेखन आहे. १९०१ साली कोरेगावच्या प्रवासात पाण्यावाचून तळमळलेली मुले, बडोद्यात पारशी नाव घेऊन राहण्याची वेळ आणि काठ्या घेऊन दारात आलेला जमाव, १९२९ साली चाळीसगावला टांगा उलटून झालेला अपघात, १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यावर पाण्याच्या हौदावरून झालेला अपमान. हे सारे त्यांच्या हातचे असून पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकारूपाने काढले आणि १९९३ साली ते बाराव्या खंडात आले. तरी याही लेखनाचे तोंड बाहेर आहे. अस्पृश्यता म्हणजे काय ते परक्या देशातल्या माणसाला कळावे म्हणून ते लिहिले आहे, आणि पुढच्या दोन प्रसंगांत तर ते स्वतःला सोडून दुसऱ्यांच्या वाट्याला आलेले सांगतात. वेदना स्वतःची असली तरी लेखन लोकांना उद्देशून आहे.

म्हणून माझी पहिली कसोटी अशी की, लिहिणारा कुणाशी बोलत होता ते आधी पाहावे. जगाशी बोलत असेल तर छापणे हे कर्तव्य आहे. एकाच माणसाशी बोलत असेल तर थांबावे. स्वतःशीच बोलत असेल तर अधिक थांबावे.

थांबावे म्हणजे कधीच छापू नये असे नव्हे. मुलगा राजरत्न १९२६ साली गेल्यावर बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना लिहिलेले पत्र एका मित्राला लिहिलेले होते. शंकरराव खरातांनी संपादित केलेल्या पत्रसंग्रहामुळे ती पत्रे लोकांपुढे आली. चार लेकरे पुरलेल्या बापाचे ते पत्र वाचून कितीतरी घरांतल्या दुःखाला आधार मिळाला असेल. ज्याला पत्र आले त्याने ते जपले, आणि मग समाजाच्या हवाली झाले. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या पत्रात रमाबाईंचेही दुःख आहे, पण ते त्यांच्या हातचे नाही. नवरा लिहितो, संपादक छापतो, आपण वाचतो, आणि ज्या आईची लेकरे गेली तिचे स्वतःचे असे एक वाक्यही आपल्यापाशी नसते. खाजगी कागद छापताना अशा न लिहिलेल्या माणसाची आठवण ठेवली पाहिजे.

आता दुसऱ्या रीतीकडे, म्हणजे झाकून ठेवण्याकडे वळू. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. आपले आजारपण तीत त्यांनी लपवले नव्हते, आणि आपल्याला त्यातून उठवल्याबद्दल पत्नी सविताबाई आणि डॉक्टर मालवणकर यांचे आभार मानले होते. ग्रंथ निघाला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. १९८० साली भगवान दास यांनी ती छापली. मधली २३ वर्षे सविताबाईंवर काय काय आरोप झाले ते सर्वांना ठाऊक आहे. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी कुजबुज थांबली नाही. नवऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला कृतज्ञतेचा कागद मात्र लोकांपुढे नव्हता. पुढे १९९० साली 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' लिहिताना सविताबाईंनी दोघांमधल्या खाजगी पत्रांचा आधार घेतला. त्यावर कुणी नाक मुरडले असेल. मी मुरडणार नाही. ज्या बाईला समाजाने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले तिने आपल्या पेटीतला कागद काढून दाखवला, तर तो तिचा अधिकारच होता.

यावरून हेही दिसते की, न छापणे ही काही निर्दोष गोष्ट नाही. कागद दडवणाराही इतिहास घडवतो. महापुरुषाला मधुमेह नसतो, त्याला झोप न येण्याच्या रात्री नसतात, तो रडत नाही, अशी मूर्ती करायची आणि त्या मूर्तीला शोभत नाही ते बाजूला सारायचे, यात भक्ती असेल, सत्य नाही. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या अपमान गिळायला लावले, त्याच्या मनावर काय आघात झाले हे त्याच्या मोठ्या माणसांच्या कागदांतून दिसणार नसेल, तर कुठून दिसणार?

तिसरे उदाहरण बेबीताई कांबळे यांचे. फलटणच्या या बाईने दुकानात बसून लिहिले आणि ते लिखाण सुमारे २० वर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले. मॅक्सिन बर्नसन यांनी आग्रह धरला म्हणून ते बाहेर आले. 'जिणं आमुचं' हे पुस्तक १९८६ साली निघाले. त्यात समाजाचे दुःख आहे, बाईजातीचे दुःख आहे. नवऱ्याच्या हातचा स्वतः खाल्लेला मार मात्र त्यांनी पुस्तकात सांगितला नाही, तो पुढे मुलाखतीत सांगितला. काय आज सांगायचे, काय उद्या आणि काय कुणाच्या तोंडावर, हे सारे त्यांनी स्वतः ठरवले. २०१२ साली त्या वारल्या. समजा, त्या वह्या त्यांच्या मृत्यूनंतर कुणाच्या हाती लागल्या असत्या. नवऱ्याच्या बाजूच्या कुणी त्या फाडल्या असत्या, किंवा एखाद्या हुशार संपादकाने मारहाणीचेच पान पहिले छापले असते. दोन्हीकडून बेबीताई हरल्या असत्या. लेखकाचा अधिकार म्हणतात तो हाच.

दया पवारांच्या 'बलुतं'ने १९७८ साली समाजात वादळ उठवले, तेव्हाही आपलीच माणसे म्हणाली की, घरातली घाण चव्हाट्यावर मांडली. पण लेखक जिवंत होता. ज्याने मांडली तो उत्तर द्यायला उभा होता. मेलेला माणूस उभा राहू शकत नाही, आणि त्याच्या वहीतली जिवंत माणसे त्याला जाब विचारू शकत नाहीत.

हे सर्व लिहिण्याचे निमित्त मी आता सांगतो. पनवेलजवळ सुकापूरला माझा एक कविमित्र राहत होता. आयुष्य मुंबईत चाळीत काढून निवृत्तीनंतर तो तिकडे आला. नवीन पनवेलला लागून माथेरानच्या वाटेवर हे सुकापूर. मुंबईत घर न परवडणारी आमच्यासारखी कितीतरी माणसे तिथल्या इमारतींत येऊन राहिली आहेत. दोन खोल्यांच्या त्या घरात त्याला पहिल्यांदा स्वतःचे टेबल मिळाले. शेवटच्या वर्षांत तो समुपदेशनासाठी जात असे आणि परत आल्यावर वहीत लिहीत असे. अशा तीन वह्या आहेत. तो गेल्यानंतर त्याच्या मुलीने त्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, "काका, तुम्ही छापा म्हणाल तर छापू. आई म्हणते, जाळा."

मी त्या वाचल्या. त्यात नोकरीतल्या वरिष्ठांनी राखीव जागेवरून रोज हसत हसत केलेला छळ आहे. तो सभेत गर्जत असे, पण सभेच्या आदल्या रात्री त्याचे हात थरथरत, हे आहे. दारूचे दिवस आहेत. बायकोने काय सोसले ते आहे, आणि ते तिला न विचारता लिहिलेले आहे. त्यात माझेही नाव आहे. ज्या खटल्यात आपण साक्षीदार आहोत त्यात न्यायाधीश होऊन बसणे बरे नव्हे, म्हणून एकट्याने निकाल देण्याचे मी नाकारले. पण विचार करणे नाकारता येत नाही.

कायद्याकडे पाहावे तर तो अर्धेच उत्तर देतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रोग्याची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन उपचार करणाऱ्यांवर घातले आहे. म्हणजे डॉक्टरच्या कपाटातला कागद सुरक्षित आहे. रोग्याने स्वतः लिहिलेली वही मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली येते. त्या कायद्याच्या दृष्टीने ती मालमत्ता होय. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क वारसांचा, आणि हयातीत न छापलेल्या लेखनाची ६० वर्षे तर ते पहिल्यांदा छापल्याच्या पुढच्या सालापासून मोजायची. जमीन, घर, भांडीकुंडी आणि मनातले बोल, सारे एकाच वारसाहक्कात. वही कुणाची ते कायदा सांगतो. ती उघडावी की नाही ते सांगत नाही.

मग काय करावे? जाळा म्हणणाऱ्या वहिनींचे मला कळते. त्यांच्या अंगावरचे वळ उद्या अनोळखी माणसे चहा पिताना वाचणार असतील, तर त्यांनी का सोसावे? आणि वाचणारे कोण, हाही प्रश्न आहेच. दलिताच्या दुःखाचा एक बाजार आता तयार झाला आहे. आमची कविता समजून घ्यायला ज्यांना सवड नाही, त्यांना आमच्या जखमा पाहायला मात्र भरपूर सवड असते. मित्राच्या ४० वर्षांच्या कविता धूळ खात पडाव्यात आणि त्याच्या उपचाराच्या वह्यांना प्रकाशक मिळावा, याइतका त्याचा दुसरा अपमान नाही. आधी कविता छापल्या पाहिजेत.

पण जाळणे मला मान्य नाही. ज्यांचे दप्तर हजार वर्षांचे आहे त्यांनी दोन वह्या जाळल्या तर काही बिघडत नाही. आपले दप्तर कालपरवाचे आहे. जातीचा छळ माणसाच्या झोपेत, हातात, संसारात कसा उतरतो याची आतून लिहिलेली साक्ष आपल्याकडे मोजकीच आहे. ती नष्ट केली तर उद्याचा संशोधक म्हणेल की, असे काही झालेच नव्हते, पुरावा कुठे आहे?

जपणे आणि छापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण शिकायला हवे. वही जपावी, मोहोरबंद करावी, तिच्यात ज्यांची नावे आहेत ती माणसे हयात असेतो ती उघडू नये. उघडायची तेव्हा घरच्यांतल्या बाईमाणसाचा शब्द पहिला धरावा. संपादकाने आपला हात आणि लेखकाचा हात वेगळा ठेवावा. आपल्याच रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडचा सत्याग्रह उभा करण्यात ज्यांचा वाटा मोठा होता, त्या कॉम्रेड आर. बी. मोरे यांचे आत्मकथन १९७२ साली त्यांच्या मृत्यूबरोबर अपुरे राहिले. मुलगा सत्येंद्र मोरे यांनी २००३ साली ते प्रसिद्ध करताना वडिलांच्या तोंडी स्वतःचे शब्द घातले नाहीत. पुढचे चरित्र स्वतःच्या नावाने वेगळे लिहिले. वारसाने कसे वागावे याचा हा धडा घराजवळच आहे.

आणि लेखकाने खोडले असेल तर? १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादला रोहित वेमुलाने मागे ठेवलेल्या पत्रात काही ओळी खोडलेल्या होत्या, आणि आपणच त्या खोडल्या असे त्याने लिहून सही केली होती. तरीही ती खोड उकरून वाचली गेली, छापली गेली, त्याच्याच माणसांविरुद्ध वापरली गेली. त्याने आयुष्यात शेवटचा जो निर्णय कागदावर नोंदवला, तोही त्याचा राहू दिला नाही. खोडलेली ओळ हा लेखकाचा नकार आहे. ज्यांच्या साहित्याचा जन्मच नकारातून झाला त्यांनी तरी तो मानावा.

सुकापूरच्या त्या तीन वह्यांत माझ्या मित्राने दोन पाने चिकटवून टाकली आहेत. मी ती उलगडली नाहीत. त्याच्या मुलीला आणि वहिनींना मी एवढेच सुचवले आहे की, कविता आधी छापू, वह्या बांधून ठेवू आणि वर लिहू की वहिनींच्या हयातीत उघडायच्या नाहीत. वहिनींनी अजून होकार दिलेला नाही. त्यांचा होकार येईपर्यंत वह्या त्यांच्याच कपाटात राहतील. हा प्रश्न माझ्या एकट्याच्या मित्राचा नाही. ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांनी ते रद्दीत घालू नयेत आणि बाजारातही नेऊ नयेत. लिहिणारे हयात असतील तर आजच जाऊन त्यांना विचारावे, आणि ते काय म्हणतात ते त्यांच्याच हातून लिहून घ्यावे.